जुना ट्रॅक्टर आणि डिझेलची गळती

सातपुडा आणि पूर्णा नदी यांच्यामधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका वसला आहे. याच तालुक्यातील वरवट बकाल आणि आसपासच्या गावांत मृग नक्षत्राची चाहूल लागली, की शेताइतकेच लक्ष ट्रॅक्टरकडे द्यावे लागते. कपाशी, सोयाबीन, तूर ही येथील मुख्य खरीप पिके. त्यांच्या पेरणीसाठी जमिनीत योग्य ओल असते ती मोजके दिवस. काळी माती पावसाने एकदा चिकट झाली, की चाक शेतात उतरत नाही, आणि उघडीप लांबली, की वरची ओल उडून जाते. या मधल्या काळात ट्रॅक्टर उभा राहिला, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही; ती पिकात दिसते.

नवा ट्रॅक्टर घेणे प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे चाललेला ट्रॅक्टर विकत घेण्याची प्रथा विदर्भातच नव्हे, तर सर्व राज्यात आहे. शहरात नोकरी करणारा भाऊ पैसे देतो आणि गावाकडचा भाऊ ट्रॅक्टर चालवतो, अशी भागीदारीही अनेक घरांत आढळते. अशा ट्रॅक्टरच्या तक्रारींमध्ये नेहमी ऐकू येणारी आणि तितकीच दुर्लक्षित राहणारी तक्रार म्हणजे डिझेलची गळती. 'थोडे ठिबकते, पण चालतो' या वाक्यावर तिची बोळवण होते. प्रत्यक्षात ही गळती खिसा, इंजिन आणि प्रसंगी जीव या तिन्हींशी संबंधित असते. तिचा शोध मात्र वाटतो तितका अवघड नाही. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा स्वच्छता, क्रम आणि धीर यांची अधिक गरज असते.

थेंबाचा हिशेब

दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चोवीस तासांत दोन लिटरांहून अधिक डिझेल जमिनीत जाते. महिनाभर असेच चालले, तर हा आकडा साठ लिटरांच्या वर पोहोचतो. गळती फक्त इंजिन चालू असतानाच होत असेल, तर नुकसान कमी होते. पण टाकीच्या कॉकपाशी ती असेल, तर ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा असतानाही टाकी रिती होत राहते.

दुसरा धोका आगीचा. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगी लागताच क्षणभर पेट घेते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात सावलीतले तापमानही चाळिशी सहज ओलांडते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हा समज म्हणूनच मे महिन्यात अर्धवट खरा ठरतो. त्यातच भार ओढणाऱ्या इंजिनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इतका तापतो, की त्यावर उडालेला डिझेलचा बारीक फवारा ठिणगीवाचूनही पेटू शकतो. शेजारी कडब्याची गंजी किंवा वेचलेल्या कापसाचा ढीग असेल, तर पुढचे सांगायला नको.

इंधनाची वाट

गळती शोधायची, तर डिझेल टाकीतून निघून इंजिनात कसे पोहोचते, हे आधी ठाऊक हवे. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याला आपल्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले. तथापि, हे इंजिन लहान वाहनांत बसवण्याजोगे झाले ते बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यानंतर. भारतात बेंगळुरूची 'मायको' ही कंपनी १९५१ पासून या क्षेत्रात आली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी खेड्यातील मेकॅनिक आजही पंपाला 'मायकोचा पंप' म्हणतो. कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात तयार झालेली नोझल देशभरातील ट्रॅक्टरांत बसली आहेत.

जुन्या ट्रॅक्टरमधील इंधनाच्या वाटेचे चार टप्पे पाडता येतात. पहिला टप्पा टाकी, तिच्या तळाचा कॉक आणि तेथून फीड पंपापर्यंतची नळी. अनेक ट्रॅक्टरांत या वाटेवर पाणी व गाळ साठवणारी काचेची वा धातूची वाटी असते. दुसरा टप्पा फीड पंपापासून फिल्टरमार्गे इंजेक्शन पंपाच्या तोंडापर्यंतचा. येथे दाब असतो, पण तो माफक. तिसरा टप्पा इंजेक्शन पंपापासून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या पोलादी नळ्यांचा. येथील दाब प्रचंड असतो. जुन्या ट्रॅक्टरांचे नोझल मॉडेलनुसार साधारण १७५ ते २५० बार दाबाला उघडतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, हे लक्षात घेतले, म्हणजे या दाबाची कल्पना येईल. चौथा टप्पा परतीचा. इंजेक्टरमधून झिरपलेले आणि पंपाला नको असलेले डिझेल बारीक नळीने फिल्टरकडे किंवा टाकीत परत जाते. मेकॅनिक तिला ओव्हरफ्लो पाइप किंवा रिटर्न पाइप म्हणतात.

काही ट्रॅक्टरांत टाकी उंचावर असल्याने डिझेल स्वतःच्या वजनाने फिल्टरपर्यंत उतरते, तर काहींत फिल्टरची जागा फीड पंपाच्या आधी असते. म्हणून हाती असलेल्या ट्रॅक्टरची नळी बोटाने चाचपत टाकीपासून नोझलपर्यंत एकदा पाहून घ्यावी. ही पाहणी इंजिन बंद आणि थंड असतानाच करावी.

तीन प्रकारची गळती

गळती म्हटले, की जमिनीवरचा डाग डोळ्यांपुढे येतो. परंतु डाग न पाडणारी गळतीही असते आणि तीच अधिक फसवी.

पहिला प्रकार बाहेर येणाऱ्या डिझेलचा. हा दिसतो, वासाने कळतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर जमतो.

दुसरा प्रकार आत शिरणाऱ्या हवेचा. टाकी आणि फीड पंप यांमधल्या नळीत इंजिन चालू असताना ओढ असते. येथे सांधा सैल असेल किंवा रबरी नळीला चीर गेली असेल, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. यालाच 'ट्रॅक्टर हवा घेतो' असे म्हणतात. सकाळी इंजिन सुरू होऊन मिनिटभरात बंद पडते, चढाला ताकद तुटते, वारंवार हवा काढावी लागते. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर सुरळीत चालतो आणि पाव टाकी उरली, की अडखळतो, ही या दोषाची नेमकी खूण. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेलचे वजन नळीतली ओढ कमी करते. पातळी उतरली, की ओढ वाढते आणि हवा शिरते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. यात डिझेल बाहेर न पडता इंजिन ऑइलमध्ये मिसळते. काही रचनांत फीड पंपाचा रबरी पडदा फाटल्याने, काहींत इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचे सील झिजल्याने, तर कधी नोझल नीट बंद न होता थेंब सोडत राहिल्याने असे घडते. चेंबरमधील ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. अनेकांना हा शुभशकुन वाटतो. 'ऑइल खात नाही' म्हणून ट्रॅक्टरचे कौतुकही होते. वस्तुतः डिझेलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरेसे वंगण देऊ शकत नाही, आणि असे इंजिन काही तासांच्या कामात निकामी होऊ शकते.

शोधाआधी सफाई

डिझेल जेथे ठिबकते, तेथे ते बहुधा गळत नसते. नळीच्या वरच्या सांध्यातून निघालेले डिझेल नळीच्या अंगाने उतरते, पंपाच्या कडेवर थांबते आणि सर्वांत खालच्या टोकावरून थेंब सोडते. त्यामुळे ओल्या भागाकडे पाहून सुटा भाग बदलण्याची घाई हे पैसे वाया जाण्याचे पहिले कारण. पंप ओला दिसला, म्हणून पंप उतरवला गेला आणि दोष त्याच्या वरच्या तांब्याच्या वॉशरमध्ये निघाला, असे प्रकार गॅरेजमध्ये नवे नाहीत.

म्हणून पहिले काम सफाईचे. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी. ब्रशने आणि थोड्या डिझेलने चिकट थर सोडवून कापडाने सर्व सांधे पुसून कोरडे करावेत. पाण्याचा जोरदार झोत इंजेक्शन पंपावर किंवा स्टार्टरवर मारू नये. संग्रामपूर परिसराचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील क्षारयुक्त पाण्याने इंजिन धुतल्यास क्षार मागे राहून पत्रा आणि पोलादी नळ्या गंजण्यास हातभार लागतो. धुणे भागच असेल, तर शेवटी गोडे पाणी वापरून इंजिन वाळवावे. कोरड्या सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. ओल आली, की पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते आणि ती रेघ वरच्या दिशेने मागे नेली, म्हणजे उगम सापडतो.

पाच अवस्थांची तपासणी

गळती कोणत्या अवस्थेत दिसते, यावरून तिची जागा पुष्कळ अंशी ठरते. तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली अवस्था : टाकीचा कॉक बंद, इंजिन बंद. खाली वर्तमानपत्राचे कोरे कागद पसरून ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. सकाळी डाग दिसला, तर दोष टाकीचा सांधा, कॉक किंवा कॉकच्या वरच्या वॉशरमध्ये समजावा.

दुसरी अवस्था : कॉक उघडा, इंजिन बंद. आता डिझेल स्वतःच्या वजनाने जेथवर जाते, तेथवरचे सांधे कळतात. नळीचे क्लिप, गाळाची वाटी, तिच्या तळाचा स्क्रू आणि रबरी कडे येथे पाहावे.

तिसरी अवस्था : फीड पंपाचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबावा. फिल्टरचे डोके, फिल्टरच्या वाटीचे सील, हवा काढण्याचे स्क्रू आणि बँजो बोल्टचे वॉशर या दाबाखाली ओले होतात. हातपंपाच्या दांड्याभोवती ओल आली, तर त्याचे सील झिजले आहे.

चौथी अवस्था : बॅटरी जोडून इंजिन मंद गतीवर चालवावे. पोलादी नळ्यांच्या दोन्ही टोकांचे नट आणि परतीच्या बारीक नळ्या आता बोलू लागतात. इंजेक्टरच्या बुडाशी काळे बुडबुडे आणि फसफस दिसली, तर ती डिझेलची गळती नसून सिलिंडरमधील वायूची असते. तेथे इंजेक्टरखालचा वॉशर तपासावा लागतो.

पाचवी अवस्था : इंजिनची गती वाढवावी. काही चिरा इंजिन कंप पावू लागल्यावरच उघडतात. नळीला आधार देणारी पट्टी हरवली असेल, तर अशा चिरा हमखास पडतात.

हवा घेणारा सांधा या क्रमाने सापडेलच असे नाही. त्यासाठी फीड पंपाआधीच्या नळीचा तुकडा तात्पुरता पारदर्शक, डिझेल सोसणाऱ्या नळीने बदलावा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले, तर दोष त्या तुकड्याच्या आधी. न दिसले, तर पुढे. तुकडा टाकीच्या दिशेने सरकवत नेला, की सांधा सापडतो. त्याआधी टाकीचे झाकण मात्र तपासावे. झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजले, की टाकीत पोकळी निर्माण होऊन हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. अडखळणाऱ्या इंजिनाचे झाकण सैल केल्यावर हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दुरुस्ती एका सुईने होते.

ऑइलमधील डिझेल ओळखण्यासाठी थंड इंजिनाची डिपस्टिक पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, ऑइल बोटांना पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. कारण सापडून ऑइल व ऑइल फिल्टर बदलेपर्यंत ट्रॅक्टर उभाच ठेवावा.

हात दूर ठेवावा

उच्च दाबाच्या नळीतील गळती बोटाने चाचपण्याची सवय खेड्यातच नव्हे, तर शहरातील गॅरेजमध्येही दिसते. ती सोडणे अत्यंत आवश्यक आहे. सुईच्या छिद्रातून सुटणारा झोत डोळ्यांना दिसतही नाही, पण तो कातडी भेदून डिझेल थेट बोटात, तळहातात घुसवतो. वरून केवळ टोचल्यासारखे दिसते, वेदनाही सुरुवातीला बेताची असते. आत मात्र ऊती सडू लागतात. अशी इजा झाल्यास हळद लावून थांबू नये. तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि 'दाबाखालचे डिझेल शरीरात शिरले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

तपासणीसाठी लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो नळीजवळून फिरवावा. झोत असेल तेथे पुठ्ठा ओला होतो. डोळ्यांवर चष्मा असावा. उजेडासाठी विजेरी वापरावी. कंदील, काडेपेटी, विडी-सिगारेट आसपास नको. वाळूची बादली किंवा अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतल्यास आग पसरते.

जागेनुसार दुरुस्ती

बँजो बोल्टखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर हे गळतीचे सर्वांत सामान्य ठिकाण होय. हे वॉशर एकदा दाबले गेले, की कडक होतात. सांधा उघडला, की नवे वॉशर घालावेत. जुना तांब्याचा वॉशर लाल तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होतो. हा उपाय पेरणीच्या दिवसांत गाडी हलवण्यापुरता ठीक, कायमचा नव्हे. बोल्ट अधिक पिळून गळती थांबवण्याचा प्रयत्न केल्यास फिल्टरच्या डोक्यातील ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात आणि थोड्या रुपयांचे काम हजारांवर जाते.

रबरी नळी दुमडून पाहावी. बारीक चिरा दिसल्या, तर ती बदलावी. नवी नळी डिझेलसाठीचीच असावी. पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी काही आठवड्यांत फुगून मऊ पडते. तारेने आवळण्याऐवजी योग्य मापाचा क्लिप वापरावा.

पोलादी नळीचा नट सुटला असेल, तर खालचा भाग एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने नट घट्ट करावा. एवढ्याने गळती थांबली नाही, तर नळीचे निमुळते टोक किंवा त्याची बैठक खराब झाली आहे, असे समजून त्याच मॉडेलची नवी नळी घ्यावी. चिरलेल्या नळीला पितळी डाग देणे, वेल्डिंग करणे किंवा तिच्यावर पट्टी गुंडाळणे धोक्याचे आहे. सिलिंडरांच्या नळ्यांची लांबी ठरलेली असते. ती बदलल्यास डिझेल पोहोचण्याची वेळ बदलते.

इंधनाच्या सांध्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळू नये. तिचे तुकडे सुटून फिल्टरच्या पुढे गेले, तर पंप आणि नोझल यांच्या सूक्ष्म फटी बुजतात.

टाकीच्या बारीक छिद्रावर कपड्याच्या साबणाची वडी घासण्याची युक्ती जुनी आहे. शेतातून घरापर्यंत येण्यास ती उपयोगी पडते. एम-सीलसारखा लेप कोरड्या, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर अधिक काळ टिकतो. परंतु टाकी रिकामी केली, म्हणून तिच्यावर लगेच वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीतील डिझेलपेक्षा अधिक धोकादायक असते आणि अशा टाक्या फुटून माणसे दगावतात. टाकी उतरवून, धुऊन, वाफ पूर्ण घालवून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. पत्रा अनेक ठिकाणी गंजला असेल, तर टाकी बदलणे स्वस्त पडते.

इंजेक्शन पंपाच्या अंगातून किंवा त्याच्या माथ्यावरील डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सांध्यातून गळती असेल, तर मात्र पाना खाली ठेवावा. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवल्यास डिझेलचे माप बदलते, धूर वाढतो आणि इंजिन तापते. हे काम पंप-नोझल तपासणीचे यंत्र असलेल्या कार्यशाळेचे आहे. पंप उतरवण्यापूर्वी त्याच्या आणि इंजिनच्या अंगावरील जुळणीच्या खुणा पाहून ठेवाव्यात, अन्यथा इंजिनचे टायमिंग चुकते.

हवा काढणे

कोणताही सांधा उघडला, की वाटेत हवा शिरते. ती काढल्याशिवाय स्टार्टर मारत राहिल्यास बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो. कॉक उघडून प्रथम पहिल्या फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारावा. फेसाळ डिझेल थांबून सलग धार आली, की पंप मारता मारताच स्क्रू बंद करावा. मग दुसरा फिल्टर, त्यानंतर इंजेक्शन पंप, असा क्रम ठेवावा. तरीही इंजिन न धरल्यास नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच नट आवळावेत. या वेळी तोंड आणि हात सांध्यापासून दूर असावेत. शेवटी सर्व सांधे पुसून पाचही अवस्थांची तपासणी पुन्हा करावी.

नवे डिझेल, जुने रबर

जुन्या ट्रॅक्टरची गळती वाढण्यामागे इंधनातील बदलाचाही वाटा असू शकतो. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा काही जुन्या पंपांची रबरी सील आकसून गळती सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. याचे कारण थेट गंधक नव्हते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील अरोमॅटिक घटकांचे प्रमाण घटते. वर्षानुवर्षे या घटकांनी फुगलेले जुने रबर नव्या डिझेलमध्ये आकसते आणि कडक झालेले असल्यास चिरते. भारतात एप्रिल २०१७ पासून ५० पीपीएम आणि एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचे डिझेल देशभर मिळू लागले. त्यामुळे त्याआधीच्या ट्रॅक्टरचे पंप उघडले जातील, तेव्हा एखादे सील बदलून न थांबता सीलचा पूर्ण संच नव्या इंधनाला चालणाऱ्या रबराचा घालून घेणे शहाणपणाचे.

पाणी हे दुसरे कारण. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मोठा पूर आला होता. पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर बाहेरून स्वच्छ केला, तरी टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ राहू शकतो. त्याने टाकी आतून गंजते, नोझल अडकतात आणि गळतीला नवी वाट मिळते. जुना ट्रॅक्टर घेताना गाळाच्या वाटीतील डिझेल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी असेल, तर ते तळाशी वेगळे दिसते.

खरेदीपूर्वीची पाहणी

वापरलेला ट्रॅक्टर पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू न करण्याची विनंती करावी आणि शक्यतो सकाळी जावे. ट्रॅक्टर रात्री जेथे उभा होता, त्या जागेची जमीन पाहावी. नुकतेच धुतलेले आणि रंगवलेले इंजिन चांगले दिसते. पण धुण्याने गळतीच्या खुणाही जातात. अशा वेळी तासभर नांगर किंवा ट्रॉली ओढून पाहावी आणि मग सांधे तपासावेत. डिपस्टिक ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीच पाहावी. पोलादी नळ्यांच्या नटांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर गळती वारंवार आवळून थांबवली गेली आहे, असा त्याचा अर्थ. पंपाचे सील तुटलेले असेल, तर त्याचे कारण विचारावे.

गळती आहे म्हणून व्यवहार मोडण्याचे कारण नाही. वॉशर, नळी, क्लिप यांचे दोष किमतीत धरून घेता येतात. परंतु ऑइलमध्ये डिझेल असेल किंवा पंपाच्या अंगातून गळती असेल, तर पंपाच्या कार्यशाळेकडून खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय इसार देऊ नये. कागदपत्रांत नमुना २९ आणि ३० हस्तांतरणासाठी, तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांना हे काम शिकून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. वरवट बकाल परिसरातील शेतकऱ्यांना त्याहून जवळ जळगाव जामोदचे कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे.

दुरुस्ती झाल्यानंतर आठवडाभर रोज सकाळी ट्रॅक्टरखालचा कागद पाहावा. तो कोरडा राहिला, तर काम झाले. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वर सांगितलेली तपासणी केल्यास सुटे भाग मिळवायला आणि पंप कार्यशाळेत पाठवायला पुरेसा अवधी मिळतो. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मात्र गावातील प्रत्येक मेकॅनिकच्या दारात रांग असते आणि शेतातील ओल कोणासाठी थांबत नाही.